चिनी मातीचे दाते

"मालू, कॉफी खवट लागू रायली व."

धुरपदाबाईंनी कप ठेवला तो असा की बशी वाजलीच पाहिजे. भजन नुकतंच संपलं होतं. टाळ अजून सतरंजीवरच पडलेले, बाहेर श्रावणाची झड, आणि मालूबाईंच्या घरी दर गुरुवारी जमणाऱ्या बायका पाय मोकळे करून भिंतीला टेकलेल्या. त्यातल्या अर्ध्या देवासाठी येत नि अर्ध्या कॉफीसाठी. कोण कशासाठी येतं ते मालूबाईंना आरतीच्या वेळीच तोंडावरून कळे, पण त्यांनी कधी कोणाला हाकललं नाही. सगळ्या इतवारा मोहल्ल्यात चहा मिळत होता. कॉफी मिळत होती ती एका मालूबाईंकडे.

"खवट?" मालूबाई म्हणाल्या. "मघा तोंडात लवंग धरली होती ना तू? तिचं असंल."

"लवंग कधी खवट रायते का? तेलाचा वास मारू रायला. निर्मला, तू सांग."

शेजारच्या निर्मलाबाईंनी उभ्या जन्मात कोणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. त्यांनी घोट घेतला, कसाबसा गिळला, "पावसाचं पाणी बदलते ना," म्हणाल्या आणि कप हळूच मांडीआड सरकवला.

मालूबाईंनी स्वतःचा कप तोंडाला लावला. गरम होती, गोड होती, कडूही होती. जिभेने एवढं सांगितलं आणि ती गप्प झाली. पुढचं सांगायचं ते नाकाने, आणि नाकाकडून निरोप यायचा बंद होऊन कितीतरी दिवस झाले होते. घरात हे कोणाला माहीत नव्हतं. निदान मालूबाईंची तशी समजूत होती.

तेवढ्यात प्रतिभा ट्रे घेऊन आली. सून. बोलायला कमी, चालायला हलकी. कप गोळा करता करता ती म्हणाली, "दळायची मशीनच बिघडली, आई. मी सकाळीच सांगणार होते. या हवेत बिडाचं लोखंड टिकत नाही."

"तेच तर!" मालूबाईंची मान ताठ झाली. "कधीची म्हणू रायली मी, नवीन आणा. पण या घरात माझं ऐकते कोण!"

असं त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. पण एकदा मोठ्या आवाजात सांगितलेली गोष्ट आपोआप खरी होते, हा त्यांचा जुना अनुभव होता.

बायका गेल्यावर त्यांनी ते बिडाचं यंत्र ओट्याच्या कडेवरून सोडवलं. वरून बिया टाकायच्या, बाजूचा दांडा फिरवायचा, खालच्या खणात भुकटी पडायची. मालूबाईंचे यजमान नंदकुमार चांदनी स्टेशनवर तिकिटं द्यायला होते, तेव्हाचं. तिथले स्टेशनमास्तर खाली दक्षिणेकडचे. त्यांच्या बायकोला मराठी येत नव्हतं, मालूबाईंना तिची भाषा येत नव्हती, पण दोघींनी एकमेकींना हाताने बोलून कॉफी आणि पुरणपोळी शिकवली. बदली झाली तेव्हा ती बाई हे यंत्र ठेवून गेली. पुढे नंदकुमारही देवाघरी गेले. यंत्र राहिलं.

मालूबाईंनी आत बोट घातलं. चिकट लागलं. बोट उजेडात धरलं तर तपकिरी, गुळाच्या पाकासारखं ओढणारं.

हे तेल त्यांनीच लावलं होतं. तापीकाठच्या कुठल्याही घरात बघा, पावसाळा तोंडावर आला की लोखंडावरून तेलाचा हात फिरतो. विळी, अडकित्ता, तवा, कढई, झालंच तर कुलूप. शेंगदाण्याचं तेल चिंधीवर घ्यायचं आणि पुसून ठेवायचं, म्हणजे गंज धरत नाही. कॉफीचं यंत्रही त्या रांगेत. फक्त तेल खवटायला लागलं की मालूबाईंना दारातूनच कळायचं. मग मूठभर भाजके तांदूळ त्यातून दळून काढायच्या, तेल तांदळाबरोबर जायचं, यंत्र कोरडं ठणठणीत. यंदा तेल लावलं. तांदळाची वेळ झाली हे सांगणारंच कोणी नव्हतं.

शिवरात्रीच्या आधी ताप आला होता. ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना नाकही घेऊन गेला. मालूबाईंनी वाट बघितली. मग वाट बघणं सोडलं आणि डोळ्याकानांना कामाला लावलं. मोहरी तडतडली की फोडणी. कांद्याचा रंग गव्हाच्या काडीवर आला की मसाला. दूध नासलं का ते चमचाभर चाखून. आणि शंका आलीच, तर प्रतिभावर ओरडायचं, "लक्ष कुठं आहे तुझं? बघ काही करपू रायलं का!" सून येऊन बघायची, "नाही आई," म्हणायची. मालूबाई म्हणायच्या, "मग ठीक."

हे कोणाला कळता कामा नये होतं. कारण धुरपदाबाईंचं काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. ऐन पंगतीत धुरपदाबाईंच्या हातून खिरीत मीठ पडलं. डोळ्यांत मोतीबिंदू, डबे एकसारखे, कोणाच्याही हातून होतं. पण दोन्ही सुना एका आवाजात म्हणाल्या, "आई, आता तुम्ही आराम करा." तो आराम अजून चालू आहे. आता त्या बाईला स्वतःच्या घरात साखर कुठल्या डब्यात असते ते विचारावं लागतं, म्हणून ती दिवसभर दुसऱ्यांच्या घरी बसते आणि दुसऱ्यांच्या कॉफीला नावं ठेवते. मालूबाईंना मरणाची भीती नव्हती. त्यांना भीती होती ती आरामाची.

शनिवारी पाऊस जरा उघडला तशा तिघी निघाल्या. मालूबाई, प्रतिभा, आणि कॉलेजातून सुट्टीला आलेली नात मोनाली. सागरला दुकान सोडून यायला जमणार नव्हतं. "जमलं असतं तरी तुले नसतं नेलं," मालूबाई लेकाला म्हणाल्या. "तू कापडाचा माणूस. तुले सगळं धुतल्यावर कळते."

विपुलचं भांड्यांचं दुकान इतवाऱ्यातच, चार पावलांवर. हा नव्या पिढीचा दुकानदार. बाप पितळेच्या परातीच विकायचा, हा कॉफीची यंत्रंही मागवून ठेवायचा.

"या, मांजी! कॉफीवाल्या मावशी आल्या, स्टूल द्या!"

"स्टूल नको. म्हाताऱ्या माणसाले बसवलं की महाग वस्तू दाखवतात."

विपुल हसला आणि त्याने आधी विजेवरचं छोटं यंत्र काढलं. बटण दाबलं, घर्रर्र झालं, झाकण उघडलं. मालूबाईंनी चिमूट घेऊन बोटांत चोळली. काही रवा, काही पीठ, मध्येच अख्खा तुकडा. आणि चिमूट कोमट.

"हे दळत नाही, हे फोडते," त्या म्हणाल्या. "आणि तापलं. दळताना पीठ तापलं की चव गेली, जात्यावर बसलेल्या बाईले विचार."

"आजी, इसमें ब्लेड है ना, इसलिए," मोनालीने मोबाइलवरून मान वर न करता सांगितलं. "पण हे दुसरं बघ, याला खूप चांगली रेटिंग आहे."

"कोणं दिली?"

"लोकांनी."

"पावसाळ्यात इतवाऱ्यात रायते का त्यातलं कोणी?"

"आजी, प्लीज यार."

दुसरंही विजेचंच, पण आत दातेरी चकत्या असलेलं, दिसायला एखाद्या छोट्या गिरणीसारखं. दळण मात्र एकसारखं. मालूबाईंना ते पसंत पडत आलं होतं, इतक्यात त्यांनी विचारलं, "पोटात जे अडकून रायते ते काढायचं कसं?"

"ते थोडं राहतंच, मांजी," विपुल खरं बोलला. "ब्रश मारायचा. पण या दिवसांत आत ओल धरते, गोळे होतात. रोज खोलून साफ करणार असाल तरच घ्या."

मग मालूबाईंची नजर वरच्या फळीवर गेली. शिसवी लाकडाची पेटी, वर पितळेची वाटी, पितळेचा वाकडा दांडा. असं देखणं की देव्हाऱ्यात ठेवावं. भजनाच्या बायकांपुढे, विशेषतः एका बाईपुढे, ओट्यावर हे ठेवलेलं त्यांना दिसायलाच लागलं.

"ती दे."

विपुलने मान खाजवली. "देतो. पण मागल्या पावसाळ्यात यातल्या दोन परत आल्या. लाकूड फुगलं, खण अडकला, एकीने उलथन्याने उचकटायला जाऊन पेटीच चिरली. दिवाळीनंतर घ्या, शोभेला."

मालूबाईंनी पितळेवरून एकदा हात फिरवला आणि खाली घेतला. आपल्याच दुकानातली वस्तू घेऊ नका म्हणणारे दुकानदार त्यांना आयुष्यात फार भेटले नव्हते. "बापासारखा आहेस," त्या म्हणाल्या. हे कौतुक होतं. विपुलला ते कळायला जरा वेळ लागला.

शेवटी त्याने काचेच्या बरणीवर बसवलेलं एक साधं, हाताने फिरवायचं यंत्र पुढे ठेवलं. आतले दाते पांढरे.

"हे काय, दाढा?"

"चिनी माती, मांजी. बरणीची असते तशी, पण कडक. गंज नाही, तेल नाही. सगळं सुटं होतं, धुवा, वाळवा. फक्त खाली पाडू नका, पडलं की गेलं."

तेल नाही. मालूबाईंनी ते दोन शब्द ऐकले आणि यंत्र हातात घेतलं. आधी दांडा रिकामाच फिरवून कान लावला. मग बिया टाकून फिरवला. खर्र खर्र, एका लयीत, कुठे अडखळ नाही. भुकटी बोटांत घेतली. बारीक रव्यासारखी, गार, सगळा कण एकसारखा. मोनाली म्हणाली, "इतका वेळ कोण फिरवणार?" मालूबाई म्हणाल्या, "ज्याले प्यायची आहे तो."

सौदा झालाच होता. पण विपुलला आणखी एक हौस. त्याने दोन वाट्या मांडल्या. "आता एक गंमत. एका वाटीत आत्ताची ताजी. दुसरीत मागल्या हप्त्यात दळलेली, हवा लागलेली. डोळे मिटा, हात लावायचा नाही, नुसता वास घ्या आणि ताजी कुठली ते सांगा. म्हणजे पटेल, पावसाळ्यात रोजची रोज का दळायची."

"मले पटलेलंच आहे."

"अहो, घ्या तरी! सगळ्या गावात तुमच्यासारखं नाक नाही."

काउंटरच्या टोकाला कुकरची रिंग घ्यायला आलेला रितेश उभा होता. धुरपदाबाईंचा धाकटा. तो रिंग तशीच हातात धरून वळला. "हां मावशी, होऊन जाऊ द्या!"

इथे जे होईल ते संध्याकाळच्या चहाआधी धुरपदाबाईंच्या कानावर जाणार होतं, आणि तिथून घराघरात. मालूबाईंनी डोळे मिटले. वाकल्या. एका वाटीवर श्वास घेतला, मग दुसऱ्या. गार हवा आत गेली, गार हवा बाहेर आली. जन्मभर ज्या नाकावर घर चालवलं, ते भिंतीवरच्या खुंटीसारखं नुसतं तोंडावर होतं. काहीतरी टोचून बोलून वेळ मारून न्यावी म्हणून त्या शब्द शोधायला लागल्या, तर शब्दही सापडेना.

तेव्हा डाव्या कोपराला दोन बोटं लागली. पदर सरळ करताना लागावीत तशी. हलकी, पण चुकून लागलेली नव्हेत.

"डावीकडली," मालूबाई म्हणाल्या.

"एकदम पक्का!" विपुलने टाळी वाजवली.

रितेश म्हणाला, "मानलं मावशी. नाक म्हणजे नाक! आमच्या आईले सांगतो."

मालूबाईंनी डोळे उघडले. प्रतिभा त्यांच्या मागे उभी होती आणि पिशवीची घडी मोडत होती. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. मालूबाईंनी पैसे दिले, यंत्र स्वतःच्या हातांनी पिशवीत ठेवलं आणि घरी पोचेपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत ही एवढी मोठी गोष्ट होती की मोनालीने विचारलं, "आजी, तबीयत ठीक आहे ना?"

मोनाली मैत्रिणीकडे गेली. घरात दोघीच राहिल्या. प्रतिभाने यंत्राचे भाग सुटे केले, धुतले आणि जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने एकेक पुसायला बसली. मालूबाई समोर उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून.

"कधीपासून माहीत आहे?"

प्रतिभाने मान वर केली नाही. "होळीपासून. पुरण बुडाला लागलं होतं, तुम्ही शेजारी बसून गाणं म्हणत होत्या."

"आणि तू काय केलं?"

"दुसरं लावलं."

मालूबाईंना आठवलं. त्या पुरणाचं त्यांनी पाहुण्यांकडून कौतुक करून घेतलं होतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "एवढे महिने माझा तमाशा बघितला! मी येड्यासारखी ओरडू रायली, 'करपलं का बघ, करपलं का बघ', आणि तू आपली 'नाही आई, नाही आई'. मनातून हसली असशील."

"एकदा हसले," प्रतिभा म्हणाली. "तुम्ही उदबत्ती न लावताच 'काय सुवास आहे' म्हणालात तेव्हा."

हे ऐकून खरं तर मालूबाई भडकायला हव्या होत्या. पण सून पुढे बोलत होती, आणि ती इतकं बोलत नसे म्हणून त्यांना ऐकावं लागलं.

"बाकी नाही हसले. आई, उन्हाळ्यात एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. गॅस तसाच सुरू. तुम्ही हातभर अंतरावर मेथी निवडत होत्या. मी अंगणातून आत आले आणि दारातच मले वास आला. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या."

"मले काही बोलली नाही."

"बोलले. 'फार उकडते ना' म्हणाले."

मालूबाई खाली बसल्या. ती दुपार त्यांना आठवत होती. सून येऊन खिडक्या उघडते, पदराने वारा घेते, आणि त्या तिला म्हणतात, 'शाहपूरच्या केळीत वाढलेल्या पोरीले गर्मी फार!' मेथीची जुडी, पायाशी मांजर, आणि घरभर न दिसणारं मरण. उदबत्तीची काडी ओढायचाच अवकाश होता.

"तेव्हापासून सकाळी मी तुमच्याआधी उठते," प्रतिभा म्हणाली. "बटणं बघते, मग परत जाऊन पडते. तुम्ही उठल्या की उठते."

मालूबाई सुनेकडे बघत होत्या. ही पोर घरात आली तेव्हा त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं की मुकी आहे, चालवून घेऊ. सागरला माहीत नाही, मोनालीला माहीत नाही, शेजारीपाजारी कोणाला कळलं नाही. अशी गोष्ट मालूबाईंच्या पोटात एक दिवस टिकली नसती. आणि ही ती होळीपासून घेऊन फिरते आहे, वर सकाळी उठून परत झोपल्याचं सोंगही करते.

"मग आता काय?" त्या म्हणाल्या. आवाज त्यांनी कडकच ठेवला होता. "म्हण. 'आराम करा' म्हण. एकदा म्हणून टाक."

"मी कशाले म्हणू?" प्रतिभा जराशी चिडलीच. "मी आले तेव्हा मले भाकर थापता येत नव्हती. माझ्या टोपल्यात तुम्ही तुमच्या भाकरी ठेवायच्या. मामंजी जाईपर्यंत म्हणत राहिले, सुनेच्या हातची भाकर पापुद्र्याची. तुम्ही सांगितलं का त्यांना?"

"त्यांले नाही सांगितलं. पण तुले रोज बोलली."

"हो. फार बोललात."

"बोलायचं होतंच तसं. नकाशे थापायची तू."

प्रतिभा हसली, आणि मालूबाईंच्याही तोंडाचा एक कोपरा हलला. मग सुनेने पुसलेले पांढरे दाते एकावर एक बसवले, स्क्रू आवळला आणि म्हणाली, "गॅस मी लावीन आणि मीच बंद करीन. तेवढं माझं. बाकी ओटा तुमचा."

मालूबाईंनी विचार केला. या घरात त्यांच्याशी अटी घालून आजवर कोणी बोललं नव्हतं, नंदकुमारसुद्धा नाही. अट खरी होती. घालणारीही खरी होती.

"लावायचा तू," त्या म्हणाल्या. "पण मोठा-बारीक मी करीन."

"चालेल."

"आण मग बिया. बघू तुझ्या या दाढा काय चावतात ते."

त्यांनी बरणी मांडीशी धरली आणि दांडा फिरवायला लागल्या. खर्र खर्र आवाज घरभर झाला. बाहेर पुन्हा झड सुरू झाली होती, भिंती ओल्या, मीठ पाघळलेलं, पापड लिबलिबीत, आणि त्या सगळ्यात एवढी मूठभर भुकटी कोरडी, गार पडत होती. दळून झाल्यावर त्यांनी वरचा भाग काढला. सवयीने नाक बरणीकडे गेलं. मध्येच थांबलं. मग त्यांनी बरणी सुनेपुढे धरली.

"सांग."

"चांगला वास आहे, आई."

"चांगला म्हणजे? बाळंतिणीच्या धुरीलेही लोक चांगला म्हणतात. नीट सांग."

प्रतिभाने बरणी हातात घेतली, श्वास घेतला आणि अडली. असं तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. "भाजलेल्या चिंचोक्यासारखा," ती हळूच म्हणाली.

"हां. तो वरचा. त्याच्या खाली?"

"गूळ... कढईच्या बुडाला लागलेला. लागलेला पण करपलेला नाही."

"बरोबर." मालूबाईंनी डोळे मिटले. "अजून खाली जा. घाई करू नको. तिथं एक आंबटपणा रायते."

प्रतिभाने पुन्हा श्वास घेतला. या वेळी बराच वेळ. "आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज नवल वाटल्यासारखा झाला. "आहे की! मले आजवर कधी कळलाच नाही. कवठ फोडल्यासारखा, लांबून."

"कवठ," मालूबाई म्हणाल्या. त्यांनी तो शब्द तोंडात धरून ठेवला. "पिकलेलं की कच्चं?"

प्रतिभा बरणीवर वाकली. मालूबाई मिटल्या डोळ्यांनी, मान किंचित पुढे काढून, तिच्या उत्तराची वाट बघत बसल्या.